हाडाखाली बोटभर हवा

माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी सांगतो, "बसा, बसा, उठू नका." मी उठणार नसतोच. चाकण-तळेगाव रस्त्यावर एका कंटेनरने मला दुचाकीसकट उडवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कमरेखालचं अंग माझं असून नसल्यासारखं आहे. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला उठू नका म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. पूर्वी मी हसायचो, आता हसत नाही. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "तुमचं बरंय, बसून काम." एवढं बोलेपर्यंत तो गृहस्थ आमच्या सोफ्यावर एक कुल्ला उचलतो, पायावर पाय टाकतो, काढतो, पुढे सरकतो, परत मागे रेलतो. त्याचं त्याला ठाऊकही नसतं. मी मात्र तेवढंच बघत असतो. तो काय बोलतोय याच्याकडे माझं लक्ष नसतं.

बसणं म्हणजे आराम, असं ज्याने ठरवलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा. आपण बसतो तेव्हा वरचा सगळा भार ढुंगणातल्या दोन हाडांवर येतो. हाड वरून दाबतं, खुर्ची खालून दाबते आणि मधलं मांस चिरडलं जातं. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तेवढ्या जागेला रक्त मिळेनासं होतं. तुम्हाला मुंग्या येतात, कळ लागते, तुम्ही सरकता आणि रक्त परत वाहायला लागतं. तुमचं ढुंगण तुम्हाला न विचारता तुमची काळजी घेतं. माझं मुकं आहे. त्याच्या आत काय चाललंय ते मला कळवत नाही. शिवाय नासाडी सुरू होते ती आत, हाडापाशी. कातडीवर लाल डाग उमटतो तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, माझ्या डाव्या बाजूला भोक पडलं तेव्हा समजलं.

ते भोक माझ्या थोरल्या भावाच्या प्रेमापोटी पडलं.

दादा चाकणजवळ गावातल्या घरीच राहतो. जमीन एमआयडीसीत गेली, आणि जिथे आमचा कांदा पिकायचा तिथेच एका कंपनीत तो दुचाक्यांच्या सीटा बनवायला लागला. त्या कामात त्याची हयात गेली आहे, त्यामुळे बसण्यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं ठाम मत आहे. मी दवाखान्यातून मोशीच्या फ्लॅटवर आलो त्याच आठवड्यात तो एक गादी घेऊन आला. कंपनीतला चांगला घट्ट फोम, वरून काळं रेग्झीन, कडेला लाल शिलाई. बुलेटला शोभेल असलं काम होतं. बायको बिचकत म्हणाली, "दादा, दवाखान्यातल्यांनी वेगळं कुशन घ्यायला सांगितलंय." त्याने गादीवर बुक्की मारून दाखवली.

"आरं, हाय का बघ! लगीच वर येतोय फोम. ह्याच्यावर लोकं लडाखपर्यंत जात्यात. दवाखान्यातल्यांनी कधी सीट बनवलीया का?"

लडाखला जाणारा माणूस वाटेत दहा ठिकाणी चहाला उतरतो, हे त्याला सांगायला मला तेव्हा सुचलं नाही. सीट अशा माणसासाठी केलेली असते जो हलतो, खड्डा आला की उठतो, अवघडला की गाडी बाजूला घेतो. मी त्या गादीवर ठेवल्या जागी ठेवल्यासारखा बसून राहिलो. फोम हाडाखाली हळूहळू दबत तळाला गेला. रेग्झीनमधून वारा जात नाही, घामाने कातडी भिजून मऊ झाली. त्यात मी खुर्चीत घसरायचो, म्हणजे हाड पुढे आणि कातडी रेग्झीनला चिकटून मागे. एक दिवस बायकोला माझ्या पॅंटवर ओल दिसली. तिने बघितलं आणि ती न्हाणीत जाऊन उलटी करून आली. पुढचे कित्येक महिने मी पालथा होतो.

ते भरल्यावर मला एका पुनर्वसन केंद्रात नेलं. तिथल्या मॅडमनी माझ्याखाली एक पातळ चटई सरकवली. तिच्यात दाब मोजायची सोय होती. समोर पडद्यावर माझं ढुंगण उमटलं, निळंहिरवं, मध्ये दोन लालभडक ठिपके. स्वतःचं ढुंगण रंगीत बघायचा योग फार थोड्यांना येतो. मग त्यांनी हवेचं कुशन दिलं. रबराच्या उभ्या कप्प्यांच्या रांगा, सगळे आतून एकमेकांना जोडलेले. आपण बसलो की हवा इकडून तिकडे सरकते आणि अंग त्यात बुडतं. लाल ठिपके पिवळे झाले. मॅडम म्हणाल्या, "अंग बुडलं पाहिजे, म्हणजे भार पसरतो. हवा कमी पडली तर हाड तळाला टेकेल. जास्त झाली तर कुशन पाटासारखं कडक होईल आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर बसाल. रोज सकाळी हात खाली घालायचा, हाड शोधायचं. हाडाखाली बोटभर हवा पाहिजे." आणि जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "त्याच जागी परत फाटलं तर ऑपरेशन. मांडीचं मांस फिरवून तिथे लावावं लागतं. म्हणून त्या जागेला जपा."

मी जपलं. पोराला जपावं म्हणतात तसं जपलं, फक्त इथे पोर म्हणजे डाव्या कुल्ल्यावरचा रुपयाएवढा गुळगुळीत वण. सकाळी हात घालून हवा बघायची. दिवसभरात घड्याळ लावून पुढे वाकायचं, छाती मांडीला टेकवायची, म्हणजे हाडं सुटी होतात आणि रक्त फिरतं. संध्याकाळी बायको कुशीवर वळवून तपासायची. लाल दिसलं की अंगठ्याने दाबायची. दाबल्यावर पांढरं होऊन परत गुलाबी झालं तर ठीक.

आणि जपायला कारणही आलं. अपघाताआधी मी डिप्लोमाच्या जोरावर मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग करायचो. भोसरीत साचे बनवणाऱ्या एका टूलरूमच्या मालकाला असा माणूस हवा होता. भला माणूस, त्याने दाराच्या पायऱ्यांवर माझ्यासाठी जाळीच्या पत्र्याचा उतार बसवून घेतला. दसरा झाला की त्याच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं ठरलं. इतकी वर्षं बायको लोकांची ब्लाउजं शिवून घर चालवत होती. तिने माझ्यासाठी दोन शर्ट शिवले. ती शिवताना गुणगुणत होती, तेही मला आठवतं, आणि आठवलं की अजून चीड येते.

आमच्या पट्ट्यात दसरा हा गाड्यांचा सण आहे. कंपन्यांत आदल्या दिवशी मशीनं पुजली जातात, दसऱ्याला घरातली चाकं. सकाळपासून वॉशिंग सेंटरवर रांग, पंक्चरवाल्याकडे हवा भरायला रांग. धुतलेली गाडी, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि टायरात दणदणीत हवा. मऊ टायरची गाडी पुजायला लावली तर आमच्याकडे घरच्या बाईमाणसापासून सगळे मालकाला नावं ठेवतात.

त्या सकाळी मी अंथरुणात पालथा पडलो होतो. वणाला विश्रांती म्हणून सकाळचा वेळ मी तसाच काढायचो. दादा आला, मला दिसली ती त्याची फक्त पावलं. "खुर्ची नेतो रं," म्हणाला आणि नेली. खाली पार्किंगमधून बादलीचा, ब्रशचा आवाज येत होता. बायको श्रीखंडाचं बघत होती. दादाने खुर्ची वर आणली तेव्हा ती मलाही ओळखू येईना. चाकांच्या तारा चमकत होत्या, पाठीला हार, पाय ठेवायच्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक. कुशनची खोळसुद्धा धुऊन वाळवून परत चढवली होती.

"चल चल, गावात समदी थांबल्यात," म्हणत त्याने मला उचललं. सीटांच्या थप्प्या उचलून त्याचे हात असे झालेत की मी त्याला रिकाम्या पोत्यासारखा हलका. नवी पॅंट, नवा शर्ट चढवला, मला खुर्चीत ठेवलं आणि लिफ्टकडे ढकलत नेलं. रोज सकाळी मी हात घालून हवा बघतो. त्या दिवशी हात घालायला मला कुणी उसंतच दिली नाही.

गावात दिवस छान गेला, हेच मला सहन होत नाही. लोक येत होते, आपट्याची पानं हातात देत होते. नोकरीची बातमी दादाने आधीच गावभर केली होती. एक म्हातारे चुलते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "आज उंच दिसतोयस रं. तब्येत सुधारली." मला बरं वाटलं. खरंच त्या दिवशी मी लोकांच्या पोटाशी न बोलता छातीशी बोलत होतो. जेवायला टेबलापाशी नेलं तर गुडघे टेबलाच्या फळीला अडले. मी मनात दादाच्या टेबलाला शिव्या दिल्या, ताट मांडीवर घेतलं आणि जेवलो. पाहुण्यांच्या घोळक्यात सारखं पुढे वाकून छाती मांडीला लावणं बरं दिसेना, म्हणून जमेल तेवढंच वाकलो. परत येताना गाडीतही तेच कुशन माझ्याखाली होतं.

दिवेलागणीला घरी आलो. बायकोने कुशीवर वळवलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. समोर भिंत होती.

"अहो, हे जात न्हाई."

"नीट दाब."

"दाबलं. लालच राहतंय. आजूबाजूला गरम पण लागतंय."

मी हात लांबवून शेजारच्या खुर्चीवरचं कुशन दाबलं. दबेना. एरवी ज्यात मूठ बुडायची ते कप्पे टरारून उभे होते, पाटासारखे कडक. म्हणून मी उंच दिसत होतो. म्हणून गुडघे अडले होते. दिवसभर मी कुशनमध्ये नव्हतो, दोन हाडांवर तोल सांभाळत त्याच्या डोक्यावर बसलो होतो आणि लोकांकडून कौतुक करून घेत होतो.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी तळपायातून निघत नाही, थेट मस्तकातच लागते. दादाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, अजून सणाच्याच कपड्यात. मी कुशन त्याच्या पायापाशी भिरकावलं.

"हवा तू भरलीस?"

"व्हय. आरं, पार बसत हुती ती. हात ठिवला की खाली जायाचा. मला वाटलं गळतीया कुठंतरी. टायरात मारली तशी हितं बी मारली, पंप हुताच खुर्चीच्या पिशवीत. टाइट केली एकदम. का, काय झालं?"

"ती तशीच असायची असते!"

"मऊ?" त्याला खरोखर कळेना. "मऊ हवेवर कोण बसवतं रं माणसाला?"

मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. कंपनीपासून सुरुवात केली आणि जुन्या रेग्झीनच्या गादीपर्यंत गेलो. तुझ्या सीटा तुझ्या बोडक्यावर घाल म्हणालो. "परत माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही. कुशनला नाही आणि मलाही नाही. कुणीच लावायचा नाही, कळलं का?" दार उघडं होतं. जिन्यात शेजारी जमले होते, त्यांनाही ऐकू जाऊ दे म्हणून मी जोरात बोललो.

"एक डाग पडला म्हून भावाला हाकलतो का?" दादा म्हणाला.

"हो."

तो गेला. बायको दार लावून आली आणि कुशनची हवा सोडत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी तुम्हाला हात नव्हता का?" तिच्यावरही मी भडकलो.

सोमवार यायच्या आत कातडी फाटली. त्याच जागी.

दिवाळी मी पालथा काढली. पालथ्या माणसाला घरातलं काय दिसतं ते सांगतो. फरशीचा सांधा दिसतो, पलंगाचा पाय दिसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं दिसतात. फराळाला येणारे पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि माझ्या डोक्याशी त्यांचे पाय चुळबुळ करायचे. त्या सगळ्या पायांचा मला मनापासून राग यायचा. कसे सहज हलतात, आणि मालकांना पत्ताही नाही! टूलरूमचा मालक येऊन गेला. तो बसलाच नाही, उभ्यानेच म्हणाला, "तुम्ही आधी बरे व्हा, मग बघू." त्याचं काम अडलं होतं, त्याने दुसरा माणूस घेतला. तो उतार आता मालाच्या ट्रॉलीला उपयोगी पडतो असं कानावर आलं. बायकोने दोन्ही शर्ट घडी घालून कपाटात वर टाकले आणि परत लोकांची ब्लाउजं पुढ्यात घेतली. आता ती गुणगुणत नव्हती.

ऑपरेशन मात्र टळलं. बायको रोज जखम धुवायची, पट्टी भरायची, आणि आतून हळूहळू ती भरत आली. डॉक्टर म्हणाले, नशीब. मला त्यांचाही राग आला. दादा फिरकला नाही. वहिनीच्या हाती डबा येत राहिला. मी डबा खायचो आणि घासून परत पाठवायला लावायचो. निरोप काही द्यायचो नाही.

पुढचा दसरा आला तेव्हा मी नुकताच पूर्ण दिवस बसायला लागलो होतो. घरून थोडी ड्रॉइंग मिळायला लागली होती. सकाळी खाली येऊन बघतो तर पार्किंगमध्ये सण मांडला होता. सगळ्या गाड्या धुतलेल्या, हार घातलेल्या. वॉचमनच्या सायकलला हार, पाण्याच्या पंपाला हार. बायकोने वर घरात शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं, खाली येऊन स्कूटर पुजली आणि ताट घेऊन माझ्या शेजारून पुढे गेली. माझ्या खुर्चीच्या चाकांना आदल्या आठवड्याचा चिखल तसाच वाळून बसलेला होता.

"ह्याला हात लावायचा न्हाई ना," ती म्हणाली. टोमणा होता की खरंच विचारत होती, मला कळलं नाही.

"नाही," मी म्हणालो. आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्याकडे पाठ करून खुर्ची फाटकाकडे नेली. अख्ख्या सोसायटीत पूजा न झालेलं चाक माझं एकट्याचं. मीच सांगितलं होतं, लोकांनी ऐकलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार?

फाटकात दादा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. दसऱ्याचं सोनं घरी जाऊन द्यावंच लागतं, ते चुकवणं त्याला जमलं नसावं. त्याने आपट्याची पानं पुढे केली. मी ती घेतली आणि पुढे वाकून त्याच्या पायाला हात लावला. तसंही वाकायची वेळ झालीच होती.

मी सरळ झालो तरी तो हलेना. खुर्चीच्या चाकांकडे बघत होता. चिखलाबद्दल काही बोलेल असं वाटलं.

"किती असती रं हवा?" त्याने विचारलं. "मी भरणार न्हाई. निस्तं सांग."

"सांगून कळत नाही. हात घालावा लागतो."

त्याने आजूबाजूला बघितलं. लोक आपापल्या गाड्यांपाशी होते, वॉचमन आमच्याचकडे बघत होता. दादाने शर्टाची बाही वर सारली, वाकला, आणि तळवा वर करून हात माझ्याखाली घातला.

"ह्ये का?"

"मला काय विचारतोस? मला लागत नाही."

तो चाचपडत राहिला. मग थांबला. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, आणि ते असं झालं की मी नजर काढून घेतली.

"आरं," तो म्हणाला, "ह्ये तर हाडच हाय. मांस कुठं गेलं तुजं?"

"गेलं. हालचाल नसली की जातं."

"समदं?"

"हाडाखाली बोटभर हवा आहे का ते सांग."

त्याने बोट फिरवून बघितलं. "हाय," म्हणाला. "बोटभर हाय."

"मग काढ हात."

त्याने मान खाली घातली होती. वॉचमन दुसरीकडे वळला. दादाने हात काढला की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी त्याच्या खांद्याकडे बघितलं. खांदा तसाच खाली वाकलेला होता, म्हणजे हात अजून तिथेच होता. मी परत काढ म्हणालो नाही.